तायडे मॅडमची चावी

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेली नाही. आमच्या शाळेतल्या सामानाच्या खोलीची चावी तायडे मॅडमनी हरवली नव्हती. ती माझ्या खिशात होती.

लिहिलं एकदाचं. आता मॅडमविषयी लिहिता येईल. आजवर दोनतीनदा बसलो, पण चावीपाशी आलो की पेन खाली ठेवायचो. आणि चावी वगळून मॅडम सांगायच्या म्हणजे ढोल वगळून लेझीम खेळल्यासारखं.

आमची शाळा देऊळघाटच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. सरकारी, मराठी, पहिली ते आठवी. मी चोपडे, गणिताचा. चोपडे सर येताना दिसले की व्हरांडा रिकामा व्हायचा, आणि याचा मला तेव्हा अभिमान होता. मॅडम बदली होऊन आल्या त्या हिंदी शिकवायला. पहिल्या दिवशी त्या एसटीतून उतरून फाट्यापासून चालत आल्या तेव्हा आम्हाला आधी त्यांचे बूट दिसले. नेसूची साडी चांगली इस्त्रीची आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी. हेडसरांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, आपला विषय हिंदी ना?"

"हाव सर. पण पाय त मराठीच हायेत."

याचा अर्थ काय ते कोणालाच कळलं नाही, पण सगळे हसले. मी सोडून.

मॅडमचं माहेर नांदुऱ्याचं. वडील रेल्वेत गँगमन, घर रुळांना लागून. मालगाडी जाताना घरातली भांडी वाजायची आणि त्या तालावर आपण चालायला शिकलो, असं त्या सांगत. खरं-खोटं त्यांना माहीत. पण त्यांची बोटं गप्प बसलेली मी कधी पाहिली नाहीत. डब्याच्या झाकणावर, बाकावर, एसटीच्या खिडकीच्या गजावर, सारखं काहीतरी चालू. एकदा मीटिंगमध्ये हेडसर वैतागून म्हणाले, "मॅडम, मी बोलतोय."

"मी ऐकून राह्यली नं सर. बोटं ऐकत नाहीत, त्यायले मी काय करू?"

हिंदीच्या तासाला त्यांची हिंदी अशी की आकाशवाणीवर लावावी. मैदानावर मात्र अस्सल वऱ्हाडी. मी वर्षानुवर्षं पोरांना 'मले नाही, मला म्हण' असं शिकवत आलो होतो. बाई आल्या आणि आठवड्यात माझी सगळी मेहनत मातीत. पोरं त्यांच्याशी बोलायला लागली ना! जी पोरं माझ्यासमोर 'हो सर, नाही सर' यापुढं जात नव्हती, ती मॅडमच्या मागं मागं बडबडत फिरायची.

सामानाची खोली त्यांनी आल्या आल्याच उघडायला लावली. त्यात निर्लेखनाची, म्हणजे सरकारी यादीतून नाव कमी होण्याची, वाट बघणारे मोडके बाक, आफ्रिका उडालेला पृथ्वीचा गोल, आणि मागं एका गोणीत लेझिमा. गंजलेल्या. सोबत एक ढोल, एक ताशा. कोणत्या काळात आल्या होत्या, कोणी वाजवल्या होत्या, कोणाला आठवत नव्हतं. मॅडमनी त्या शनिवारी सातवीची पोरं-पोरी निंबाखाली बसवली, रॉकेलची चिंधी हातात दिली आणि प्रत्येक चकती घासून घेतली. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात लाल, कपडे लाल, आणि लेझिमा पांढऱ्या. मग त्यांनी शिट्टी मारली आणि तयारीचा हुकूम दिला.

"हुशार!"

पहिल्यांदा सगळ्या लेझिमा एकदम वाजल्या तो आवाज अजून माझ्या कानात आहे. छपरावरची कबुतरं उडाली. पहिलीची पोरं वर्गातून धावत बाहेर आली, कोणी थांबवायला गेलंच नाही, कारण थांबवणारेही बाहेर आले होते. हेडसरांनी हौसेनं एक लेझीम हातात घेतली, उलटी धरली, आणि दुसऱ्याच ठोक्याला स्वतःच्या नाकावर मारून घेतली. "सर, नाक नाही, मनगट!" मॅडम ओरडल्या. मग त्यांनी एक माझ्यासमोर धरली.

"घ्या, चोपडे सर."

"मी गणिताचा आहे," मी म्हणालो.

"मंग मोजा तरी! गणिताच्या माणसाले मोजाले काय धाड भरली?"

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. पोरींचे पाय बघता बघता माझा आकडा चुकला. पथक एकीकडं, मी एकीकडं. पोरं हसली. वाईट हसली नाहीत, मजेनं हसली. पण मला लागलं. मी वर्गात जाऊन बसलो.

मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हात जागे झाले का डोकं आपोआप जागं व्हते. झोपलेल्या डोक्यात तुम्ही कायले ओतता, सर? सांडते ते." मी म्हणायचो, डोकं जागं करायला छडी पुरते. त्या वाद घालत नसत. त्यांनी फक्त एक नियम केला: जो दिवसभर सगळ्या तासांना वर्गात असेल, त्यालाच शेवटच्या तासाला ढोलाचं टिपरू.

हा नियम ज्याच्यासाठी होता तो अंकुश. सातवीत, शेवटच्या बाकावर. बापाची भाजीची गाडी होती. अंकुश शाळेत कमी आणि गाडीवर जास्त. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मी उत्तराची वाट न बघता पुढं जायचो. लेझीम सुरू झाली आणि हा पोरगा शिपायाच्या आधी फाटकाशी उभा. टिपरू त्याच्या हातात गेलं की अख्ख्या पथकाचा पाय जमिनीवर एकाच वेळी पडायचा. मी खिडकीतून बघायचो. माझ्या तासाला जांभया देणारा हाच का तो, असं वाटायचं, आणि खरं सांगतो, आनंद होत नव्हता. हेवा वाटत होता. एवढ्या वर्षांत माझ्या तासासाठी कोणी फाटकाशी उभं राहिलं नव्हतं.

त्यातच खेळाच्या तासाचं झालं; तो आता लेझिमीसाठी मॅडम घेत होत्या. खेळाचा तास ताब्यात घेणं हा गणिताच्या मास्तरचा जणू वडिलोपार्जित हक्क. अभ्यासक्रम मागं पडला की आम्ही सरळ वर्गात जाऊन फळा पुसतो. घटक चाचणी जवळ आली होती. मी सातवीत फळा पुसत असताना मॅडम दारात आल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "सर, हा तास माह्या लेकरायचा हाय." आवाज चढा नव्हता. पण पोरं उठली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम कशासाठी तरी माझ्या वर्गात आल्या. नाडीला बांधलेली खोलीची चावी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्या. तेवढ्यात बाहेर तिसरीतलं कोणीतरी पडलं, रडारड झाली, त्या तशाच धावल्या. चावी टेबलावर राहिली. मी ती खिशात टाकली. चाचणी झाली की देऊ, असं मनाशी म्हणालो. तोवर पोरं अभ्यास करतील. एवढंच. यापेक्षा मोठा डाव माझ्या मनात नव्हता, हे सांगून माझी सुटका होत नाही, हेही मला कळतं.

दुपारी शोधाशोध सुरू झाली. मॅडमनी पर्स उलटी केली, डबा उलटा केला. पोरांनी निंबाखालची माती हातानं चाळली. मीही त्यांच्यात वाकून बघत होतो. खिशात चावी आणि डोळे मातीत.

त्या क्षणी 'अरे, ही बघा' म्हणालो असतो तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण म्हणालो नाही.

आता कोणी विचारेल, कुलूप तोडायला काय लागतं? एक दगड. पण आमचे हेडसर दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. ते म्हणाले, "तोडायचं नाही. शासकीय मालमत्ता आहे. तोडलेल्या कुलपाचा चार्ज मी पुढच्या माणसाला कसा देऊ? परवानगी मागू." परवानगी मागितली. ती यायची होती ती यायचीच राहिली. चाचणी झाली तरी चावी बाहेर काढायला मला तोंड होईना, आणि माझे चार दिवस असे महिन्यावर गेले.

आणि पोरं अंकुशला चोर म्हणायला लागली. ढोल त्यालाच सगळ्यात जास्त हवा असतो, म्हणजे चावी त्यानंच लपवली, असं त्यांचं गणित. हे कानावर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मॅडम पुढं आल्या. शिट्टी नाही, टाळी नाही.

"पोट्टेहो, चावी माह्याकून हरवली. चूक माही हाय. कोनी कोनावर शक घेऊ नका. माफ करा मले."

एक शिक्षिका सगळ्या शाळेसमोर हात जोडून उभी होती. मी शिक्षकांच्या रांगेत होतो. त्या दिवसानंतर चावी परत देणं म्हणजे चावी देणं उरलं नव्हतं. तोंड दाखवायला जागा न उरणं होतं. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

अंकुश तरीही यायचा थांबला. हजेरीला त्याचं नाव आलं की आता मी थांबायचो. उत्तर यायचं नाही.

एका संध्याकाळी मॅडम माझ्या मोटरसायकलपाशी आल्या. "सर, मले अंकुशच्या गाडीपर्यंत सोडता का?" साऱ्या शाळेत त्यांनी मलाच विचारावं! मागं त्या बसल्या, खिशात चावी मांडीला टोचत होती, आणि त्या रस्ताभर माझ्या सीटच्या कडीवर ताल धरून होत्या.

अंकुश फाट्यावर भाजीच्या गाडीमागं गोण्या आवरत होता. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली.

"काऊन रे, येऊन नाही राह्यला?"

"ढोलच नाही त येऊन काय करू, मॅडम? आन् पोट्टे मले चोर म्हनतात."

"चोर कोन हाय? म्या सांगतलं नं सगळ्यायले, माह्याकून हरवली म्हनून."

अंकुशनं माझ्याकडं पाहिलं. सहज पाहिलं असेल. मी टोमॅटोंकडं पाहिलं.

गाडीखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पडला होता. मॅडमनी तो पायानं पुढं ढकलला. "हे काय हाय?"

"डबा."

"वाजव."

"मॅडम, काहीबी काय..."

"वाजव म्हनलं नं बे!"

त्यानं वांग्याच्या टोपलीतली दोन काडकं उचलली आणि वाजवलं. आधी लाजत. मग जे वाजवलं, त्यानं एसटीची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. बाप कांदे तोलता तोलता हसला. "घरी बी हेच चालते मॅडम, मायच्या परातीवर. परातीले पोचे आले पहा."

"मंग असा पोट्टा तुम्ही गोण्या मोजाले ठेवला, दादा? उद्या पाठवा. डब्यासकट."

सकाळी तो आला. डब्यासकट. आणि मग शाळेत जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'घरात जे वाजते ते आणा.' पोरं तुटून पडली! बांबूच्या फोका, सायकलची घंटी, रंगाचे डबे, फुटका हंडा. पानटपरीवरून थंड्याच्या बाटल्यांची टोपणं गोळा केली, खिळ्यानं भोकं पाडली, तारेत ओवली, बांबूला ताणून बांधली, आणि झाल्या लेझिमा! कोणाची टोपणं जास्त वाजतात यावर भांडणं, तार किती ताणायची यावर वाद, बांबू मोजून कापायला माझ्या वर्गातली फूटपट्टी पळवलेली. तुकड्यांची लांबी सारखी आली नाही म्हणून पोरी स्वतःहून भागाकार करत बसल्या होत्या. मी बघत होतो. माझ्या कुलपानं काहीही बंद झालं नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा मी सातवीला लसावि शिकवत होतो. चार आणि सहा यांचा. नेहमीसारखी शांतता. खडू फळ्यावर टेकवून मी उत्तराची वाट बघत होतो, आणि मागच्या बाकावर आवाज सुरू झाला. अंकुश. डाव्या हाताची थाप दर चौथ्या मोजणीला, उजव्याची दर सहाव्या. मी छडी उचलली.

"सर, मारू नका, थांबा! पहा न, बारावर दोन्ही हात एकदम पडते!"

वर्ग मागं वळला. त्यानं पुन्हा वाजवलं. सगळे मोजत होते. चार... सहा... आठ... बारा! धाड!

"आन् सहा-आठचं?" एक मुलगी ओरडली.

वाजवलं. चोवीस! धाड! वर्ग किंचाळला. मग कोणीतरी पाच-सात काढलं, आणि सबंध सातवी बाक बडवत मोजत सुटली. पंचवीसपर्यंत श्वास रोखून, तिशीला उभी, आणि पस्तीसला असा दणका की शेजारच्या वर्गातून हेडसर धावत आले. "भूकंप झाला का, चोपडे?"

मी काय करत होतो? मी टेबल बडवत होतो. छडी कुठं ठेवली ते मला आठवत नाही. मला ती पुन्हा लागलीही नाही. एवढी वर्षं शिकवलं, पण लसावि म्हणजे काय हे मला स्वतःला त्या दिवशी ऐकू आलं. तास संपल्यावर मी मैदानात गेलो आणि मॅडमना सांगितलं. धाप लागली होती मला. त्या ऐकून एवढ्या जोरात हसल्या की शिट्टी गळ्यात उडाली.

"पाहा! मी म्हनत नव्हती? आता तुमचा तास बी मैदानात घ्या, सर!"

घेतला. त्यानंतर किती तरी घेतले. खेळाचा तास पुन्हा कधी मागितला नाही. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, आपले चोपडे सर बदलले. सांगायची वेळ तीच होती. रोजच तीच वेळ होती.

दिवाळीनंतर हेडसर निवृत्त झाले. नव्या हेडसरांनी पहिल्याच आठवड्यात एक दगड घेतला, एक घाव, कुलूप खाली. सगळे हसले, "एवढंच होतं!" खरा ढोल बाहेर आला, पण पोरांनी डबे सोडले नाहीत. सव्वीस जानेवारीला पुढं खोलीतल्या खऱ्या लेझिमा आणि मागं टोपणांच्या, मधे अंकुश, गळ्यात ढोल आणि पायाशी तेलाचा डबा. गाव भिंतीवर चढून बघत होतं. त्याचा बाप गाडी रस्त्यात तशीच सोडून आला होता. पोराचं नाव सातवीनंतर काढायचं त्यानं आधी ठरवलं होतं. त्या दिवसानंतर तो विषय घरात निघाला नाही. अंकुश दहावी झाला, आयटीआय झाला, आता बुलढाण्यात वेल्डिंग करतो. फार मोठा वगैरे कोणी झाला नाही. चांगलं काम करतो.

मॅडममध्ये मात्र एक गोष्ट बदलली होती, आणि ती फक्त मला दिसत होती. स्वतःच्या कपाटाला कुलूप लावून चार पावलं गेल्या की त्या परत फिरायच्या आणि ओढून बघायच्या. पर्स उघडून, चाचपून, बंद करून, पुन्हा उघडायच्या. शाळेची कुठलीही चावी द्यायला गेलं की म्हणायच्या, "मले नका देऊ बाप्पा, मी हरवते." हसत म्हणायच्या. नांदुऱ्याच्या रुळांवर वाढलेली, कशालाच न भिणारी बाई स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवेनाशी झाली होती. आणि ते हात चुकले नव्हते.

पुढं त्यांची बदली दुसरबीडकडं झाली. निरोपाच्या दिवशी पोरांनी डबे वाजवत त्यांना फाट्यापर्यंत नेलं. मी मागं चालत होतो, चावी घेऊन. एसटी आली, गेली.

गेल्या हिवाळ्यात त्या पुन्हा दिसल्या. बुलढाण्यात शाळांचे खेळ होते, मी आमची पोरं घेऊन गेलो होतो. मैदानाच्या पलीकडून हाक आली, "ओ चोपडे सर!" केस पांढरे झालेले, बूट तेच, गळ्यात शिट्टी. मनगटाला बुटाची नाडी, नाडीला चाव्या, आणि त्या नाडीला गाठीवर गाठ. माझी नजर गेली तसं त्यांनी मनगट पदराखाली घेतलं.

सोबत एक तरुण शिक्षिका होती. मॅडम तिला म्हणाल्या, "हे चोपडे सर. तुले सांगतलं नव्हतं का, माह्याकून चावी हरवली व्हती? तवा सगळे मले काही नं काही बोलले. हे सर एक शब्द नाही बोलले."

त्या मुलीनं आदरानं मला नमस्कार केला.

मी तोंड उघडलं. "मॅडम, ती चावी..."

"सोडा हो सर! आमचा नंबर आला!" आणि धावल्या. या वयात, साडी सावरत, धावल्या. पथक उभं राहिलं. पुढं लेझिमा आणि, मला खरं वाटेना, मागं टोपणांची एक रांग. दुसरबीडकडच्या पोरांच्या हातात! शिट्टी वाजली. मॅडमनी गर्दीतून मला शोधलं, हात वर केला आणि ओरडल्या, "सर, मोजा!"

मी मोजलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवत. आमची पोरं माझ्याबरोबर मोजायला लागली, मग शेजारच्या शाळेची. धूळ उडत होती, टोपणं झणझणत होती, आणि या वेळी माझा एकही आकडा चुकला नाही. मधेच मॅडमनी डावा हात उजव्या मनगटावर नेला आणि गाठ चाचपून बघितली. मग पुन्हा ताल धरला.

खेळ संपल्यावर त्यांची पोरं ट्रॅक्समध्ये चढली. मी गर्दी कापत पोचेपर्यंत गाडी निघाली होती. मागच्या खिडकीतून त्यांचा हात दिसला, पत्र्यावर ताल धरलेला.

त्या कुलपाची चावी अजून माझ्याकडे आहे. ती मॅडमच्या हातात ठेवणं आणि 'ही तुमच्याकडून हरवली नव्हती, मी घेतली होती' असं त्यांना त्यांच्या शाळेसमोर, प्रार्थनेनंतर सांगणं, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.